मशीनबाई

द्वारकाबाई : नाही म्हणजे नाही. एकदा जाऊन आले ना आत? बस्स झालं. माझ्या बांगड्या आणि मंगळसूत्र द्या इकडे, घरी जाऊ.

जयसिंगराव : आत गेलीस कुठं? डोकं आत गेलं न गेलं, तोच घंटी दाबलीस. अनुश्रीबाईंनी मशीन चालूसुद्धा केली नव्हती.

अनुश्री : होतं काकाजी, भोत लोकांना होतं. काल एक पहलवान टाइप भिया आले होते, ते तर रडायलाच लागले. काकू, तुम्ही थोडं पाणी प्या, मग पुन्हा ट्राय करू. एमआरआयमध्ये दुखत वगैरे बिल्कुल नाही.

द्वारकाबाई : दुखण्याचं कोण बोलून राहिलं आहे? दुखलं तर दुखू दे. ती नळी बघितली का तुम्ही? नाकावर छत येतं. वरून तोंडाला जाळी बांधता.

अनुश्री : कॉइल आहे ती. डोकं हललं ना, तर सगळ्या इमेज खराब येतात.

जयसिंगराव : द्वारका, ऐक. मंगळवारी ओट्याशी चक्कर येऊन पडलीस. हाताला मुंग्या येतात, चहाचा कप सुटतो. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, डोक्यात, मानेत काही आहे का ते पाहिल्याशिवाय मी गोळी लिहिणार नाही.

द्वारकाबाई : असलं काही तर असू दे. मला नाही कळायचं.

जयसिंगराव : मला कळायला पाहिजे ना.

द्वारकाबाई : मग या तुम्ही आत. हात धरून बसा माझा.

अनुश्री : नातेवाइकाला बसवतो आम्ही आत, पण काकाजींना पेसमेकर आहे. त्यांना तर मी त्या दरवाज्याच्या पलीकडे पाय नाही ठेवू देणार. चुंबक भोत तेज आहे.

द्वारकाबाई : बघा. ऐन वेळी हे बाहेरच.

जयसिंगराव : मी बाहेर? आणि टाकीत कोण होतं?

अनुश्री : कसली टाकी?

द्वारकाबाई : विचारू नका हो, आता हे सुरू होतील.

जयसिंगराव : पाण्याची टाकी. काळी, प्लॅस्टिकची, गच्चीवर असते तशी. आमचं यान होतं ते.

अनुश्री : यान मतलब... स्पेसशिप?

जयसिंगराव : बिल्कुल. सिरियल काढायचो आम्ही, ‘दूर की चौकी’. सत्त्याण्णव साल. आमच्या गल्लीत, मल्हारगंजात, माझा दोस्त आशिष, त्याची केबल होती, त्यात त्याचा स्वतःचा एक चॅनल. मी आठवडाभर बिजली दफ्तरात, आणि रविवारी कप्तान. गोष्ट अशी, की शनीच्या पलीकडे एक चौकी आहे आणि तिथं एकटा माणूस पहारा देतो. आमचे पूर्वज होळकरांच्या चौक्या राखत होते, मी म्हटलं, आपण जरा पुढं सरकू.

अनुश्री : आणि शनी? तो कसा दाखवला?

द्वारकाबाई : माझं पातेलं. त्याच्याभोवती माझी भरतकामाची रिंग, आणि मागून बॅटरीचा उजेड. खिडक्या म्हणजे इडलीपात्र. इंजिन म्हणजे माझा मिक्सर. रविवारी आमच्याकडे चटणी व्हायची नाही, यान उडायचं.

अनुश्री : आणि लोक पाहायचे हे? म्हणजे, सॉरी हं काकाजी. माझा नवरा मोबाइलवर ते विदेशवाले शो पाहतो. त्यात अख्खा ग्रह फुटतो, आणि हा पोहे खात राहतो. पापणी पण नाही हलत त्याची.

जयसिंगराव : हेच तर! ते सगळं दाखवून टाकतात, मग माणसाला करायला काय राहिलं? पोहेच खाणार. आमच्याकडे दाखवायला काही नव्हतंच. मी म्हणायचो, ‘वो देखो, तूफ़ान आ रहा है,’ आणि कॅमेरा माझ्या तोंडावर. तूफान ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसून बनवायचं. पातेलं आहे हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. तरी शनिवारी संध्याकाळी, आमचा भाग दाखवायचे तेव्हा, गल्लीत सगळ्यांकडे टीव्ही लागायचा. एका म्हातारबाबांनी मला विचारलं होतं, कप्तान, तिकडं थंडी भोत असेल ना? आणि मफलर दिला. पुढच्या भागात घालून बसलो.

द्वारकाबाई : टाकीत मफलर. मे महिन्यात.

जयसिंगराव : आता खरी गंमत विचारा. एकटा माणूस बोलणार कोणाशी? दुसरा नट ठेवायची ऐपत नाही. म्हणून यानात एक बोलणारी मशीन. पडद्याआडून नुसता आवाज. तो आवाज हिचा.

अनुश्री : काकू! तुम्ही?

द्वारकाबाई : नाव नव्हतं टाकलं. सासरे होते तेव्हा. सून सिरियलमध्ये म्हटल्यावर मिशा उभ्या राहिल्या असत्या. पण गल्लीला काय, सगळं कळतं. भाजी घ्यायला निघाले की पोरं ओरडायची, मशीनबाई, ओ मशीनबाई! एकदा तर सासरेच म्हणाले, मशीनबाई, चहा टाका.

अनुश्री : अरे यार, काय मस्त!

जयसिंगराव : आणि टाकीचा किस्सा तर मी प्रत्येक लग्नात सांगतो. झालं काय, की झाकण आम्ही आतून बंद व्हायचं केलं होतं, बाहेरून कडी दिसायला नको म्हणून. एका रविवारी यान बाहेरून दाखवायचा शॉट घेत होतो आणि ते अडकलं. मी आत. ठोकतोय, ओरडतोय. आणि आशिष कॅमेऱ्यामागून म्हणतो...

द्वारकाबाई : ‘वा, दादा आज काय ॲक्टिंग करून राहिले आहेत!’

जयसिंगराव : हां! हा हा!

द्वारकाबाई : मला कळलं होतं, ही ॲक्टिंग नाही म्हणून. तुमची ॲक्टिंग इतकी चांगली नव्हती.

जयसिंगराव : घ्या, ऐका.

द्वारकाबाई : हसा तुम्ही. लग्नात पण असंच हसून सांगता. मी आशिषभाऊंना सुताराकडे पळवलं, करवत आणायला. घरात दुसरं कोणी नाही. झाकण ओढून ओढून माझी नखं तुटली. मग काय करू? हातात माईक होता. टाकीत ह्यांच्या कानाशी एक छोटा स्पीकर. ह्यांना माझं ऐकू जायचं, मला ह्यांचा शब्द कळत नव्हता. नुसतं ठोकणं. मग ते ठोकणं पण थांबलं.

जयसिंगराव : दमलो होतो गं. आणि तू बोलायला लागलीस, म्हणून ऐकत बसलो.

द्वारकाबाई : ते मला बाहेर कसं कळणार? मी आपली बोलत राहिले, त्या मशीनच्याच आवाजात. ‘कप्तान, हवा काफ़ी है. साँस लीजिए.’ तेवढंच पाठ होतं. ते किती वेळा म्हणणार? मग घरचं सांगत सुटले. ‘कप्तान, घर पर आज गिलकी बनी है. कप्तान, छत पर कपड़े सूख रहे हैं. आपकी नीली कमीज़ का बटन मैंने टाँक दिया है.’

जयसिंगराव : आणि कॅमेरा स्टुलावर तसाच चालू, बंद टाकीकडे तोंड करून! आशिषनं तो भाग जसाच्या तसा लावला. अनुश्रीबाई, अख्खं मल्हारगंज रडलं. इतक्या लांब एकटा माणूस, आणि मशीन त्याला सांगून राहिली आहे की घरी गिलकीची भाजी केली आहे. मला शंभर वर्षं दिली असती तरी असं लिहायला सुचलं नसतं.

द्वारकाबाई : करवतीनं झाकण कापलं, तुम्ही बाहेर आलात, घाम पुसलात आणि चहा मागितलात. मी तेव्हापासून लिफ्टमध्ये चढले नाही. शमिकाकडे जाते तर सहा मजले पायी. स्वतःच्या मुलीच्या घरी पोचेपर्यंत जीव जातो माझा. कधी विचारलंत, का म्हणून?

जयसिंगराव : मला वाटलं... व्यायाम करतेस.

द्वारकाबाई : व्यायाम!

जयसिंगराव : खरंच वाटलं. लोकांना सांगायचो मी, बघा आमची द्वारका, या वयात.

द्वारकाबाई : टाकीत तुम्ही होता, पण दम माझा कोंडला होता. आज त्या नळीत गेले आणि तोच सगळा दिवस अंगावर आला. आणि आज तर बाहेरून आवाजही कोणाचा नाही.

अनुश्री : आवाज का नाही काकू? माईक आहे ना आमच्याकडे! इथं, काचेच्या अलीकडे. तुम्हाला हेडफोन लावते मी. मशीन वाजते तेव्हा काही ऐकू नाही यायचं, भोत खडखड करते. पण मधून मधून थांबते. तेव्हा काकाजी बोलतील.

जयसिंगराव : मी?

अनुश्री : दुसरं कोण? पण काकू, तुम्ही उत्तर नाही द्यायचं. बोललं की जबडा हलतो. बिल्कुल गप. अगदीच नाही जमलं, तर घंटी आहेच हातात.

द्वारकाबाई : हे भाषण करतील.

जयसिंगराव : नाही करणार.

द्वारकाबाई : शनी नको. तूफान नको. घरचं सांगायचं.

जयसिंगराव : घरचंच सांगतो. जा तू. घंटी दाबलीस तर मी करवत घेऊन येतो, पेसमेकर गेला खड्ड्यात.

अनुश्री : काकाजी, असं बोलू पण नका. चला काकू, हळू. चष्मा काढा.

(द्वारकाबाई आत आहेत. काचेच्या अलीकडे अनुश्री आणि माईकसमोर जयसिंगराव.)

अनुश्री : हे बटण दाबून धरा आणि बोला.

जयसिंगराव : द्वारका... नाही, थांबा. कप्तान! हवा काफ़ी है. साँस लीजिए. मी इथंच आहे. मंगळसूत्र माझ्या रुमालात आहे, रुमाल खिशात आहे, खिशावर हात आहे.

अनुश्री : छान. आता सोडा, पहिला स्कॅन लावते... ऐकलं? अशी खडखड होते.

जयसिंगराव : अरे, हा तर आमचा मिक्सर! हुबेहूब. इतक्या महागड्या मशीनला आवाज आमच्या मिक्सरचाच?

अनुश्री : थांबली. बोला काकाजी.

जयसिंगराव : कप्तान, ऐकलंत? इंजिन चालू झालं. घरी... घरी सगळं ठीक आहे. दार लावलं आहे. दूध... दूध आलं होतं का सकाळी? आलंच असेल. कप्तान, दूध आलं आहे.

अनुश्री : सोडा बटण. अजून सांगा ना पुढच्या वेळी. आज भाजी काय आहे?

जयसिंगराव : मला काय माहीत! घरात काय चाललं आहे ते मला कधी माहीत असतं? हिनं तेव्हा इतकं कुठून सांगितलं?

अनुश्री : फ्रिजमध्ये काय पाहिलं सकाळी?

जयसिंगराव : काहीतरी हिरवं होतं.

अनुश्री : मग तेच सांगा. हं, बोला.

जयसिंगराव : कप्तान, फ्रिजमध्ये काहीतरी हिरवं आहे. लांबट. तुम्हाला ओळखता येईल. गच्चीवर कपडे... कपडे वाळले असतील, काढायचे राहिले. मी काढीन. घड्या मात्र तुमच्यासारख्या होणार नाहीत. आणि शमिकाचा फोन आला होता, तिला सांगितलं नाही मी, ती घाबरेल म्हणून. मी एकटाच घाबरलो आहे. ते पुरे आहे.

अनुश्री : काकाजी, बटण... सोडा. स्कॅन लावते.

जयसिंगराव : तिला ऐकू जातंय ना? अनुश्रीबाई, ती हलतच नाही.

अनुश्री : हलायचं नाहीच आहे ना. हेच तर पाहिजे.

जयसिंगराव : पाय पण हलत नाही.

अनुश्री : स्क्रीनवर बघा ना, श्वास बरोबर चालू आहे.

जयसिंगराव : एका शब्दाला उत्तर नाही, आणि बोलत राहायचं. मी तर आत आरामात ऐकत होतो हो. सगळ्यांना हसून सांगितलं मी, आणि ही बाहेर अशी उभी होती. बापरे.

अनुश्री : थांबली. शेवटचं एक राहिलं. बोला.

जयसिंगराव : द्वारका, आता कप्तान वगैरे नाही. झालंच आहे. थोडं राहिलं. शमिकाकडे आता आपण मिळून जिन्यानं जाऊ, मी पण चढीन. पेसमेकर आहे, मी हळूहळू येईन. तू वरच्या मजल्यावरून बोलत राहा... चला, इंजिन सुरू करा, अनुश्रीबाई.

अनुश्री : करते. डोळे पुसा आधी, काकू येतील तर म्हणतील ह्यांना काय केलं.

जयसिंगराव : एक विचारू? तुम्हाला दिसत असेल ना त्यात. काही आहे का?

अनुश्री : मी नाही सांगू शकत काकाजी. विक्रांत सर बघतील, ते रेडिओलॉजिस्ट आहेत. पण आतल्या खोलीतच बसले आहेत, मी आत्ताच विचारून येते. काकूंना बाहेर घेते आणि लगेच जाते.

द्वारकाबाई : झालं? इतकंच?

जयसिंगराव : झालं. घंटी दाबली नाहीस.

द्वारकाबाई : दाबणार होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, फ्रिजमध्ये काहीतरी हिरवं आहे. हसू यायला लागलं, आणि हसायचं पण नाही म्हणे. नाकात हुळहुळत होतं नुसतं. बारा महिने खाता आणि ओळखता येत नाही? गिलकी आहे ती.

जयसिंगराव : बघ, मी म्हटलं होतं, तुला ओळखता येईल.

द्वारकाबाई : आणि दूध आज आलंच नाही. अनुश्री कुठं गेली?

जयसिंगराव : डॉक्टरांकडे. दे हात. थंड पडला आहे.

द्वारकाबाई : माझा नाही, तुमचा पडला आहे.

अनुश्री : काकू! काकाजी! काही नाही! डोक्यात काही नाही. गाठ नाही, रक्त साकळलेलं नाही, एकदम साफ. मानेत एक नस दबली आहे, मुंग्या त्याच्याच, चक्कर पण त्यातूनच असेल. सर म्हणाले लिखित रिपोर्ट संध्याकाळी देतो, पण आजीआजोबांना आत्ताच सांग, त्यांना उगीच लटकवून नको ठेवू.

जयसिंगराव : पुन्हा म्हणा एकदा.

अनुश्री : डोकं साफ आहे.

जयसिंगराव : देवा रे. मला जरा बसू दे, द्वारका.

द्वारकाबाई : बसा. पाणी प्या. बघा, स्कॅन माझा आणि खुर्ची ह्यांना लागते... सुटलो हो. सुटलो आपण. आणा ते मंगळसूत्र.

अनुश्री : मी घालते काकू, मान नका वळवू. आणि काकाजी, ती सिरियल कुठं पाहायला मिळेल?

जयसिंगराव : कुठंच नाही. त्याच टेपांवर आशिषनं पुढं लोकांच्या लग्नांचं शूटिंग भरलं.

अनुश्री : च्च. चला, सांभाळून जा. जिना उजव्या हाताला आहे, लिफ्ट समोर.

द्वारकाबाई : लिफ्टनं जाऊ.

जयसिंगराव : लिफ्टनं? नक्की? दोनच तर मजले आहेत, मी उतरतो की.

द्वारकाबाई : तुमची हालत बघितली मी आत्ता. या. हात धरा. आणि दार लागलं की बोलायला लागा, थांबायचं नाही.

जयसिंगराव : बरं. दाबू बटण?

द्वारकाबाई : दाबा. बंद होतंय ते. बोला ना.

जयसिंगराव : कप्तान, घरी आज गिलकी होणार आहे. मी चिरतो.