पिशवीची खुंटी

मुलगी : हे भोक आहे की खिडकी? अख्खी मूठ जातेय आत!

बाबा : मी नाही पाडलं. खुंटी निखळली, तिने पाडलं.

मुलगी : आणि खुंटी ठोकली कोणी? शेजाऱ्यांनी?

बाबा : मीच. पाणसळ लावून, सरळ रेषेत. भोक पाडलं, प्लास्टिकची गिट्टी बसवली, स्क्रू पिळला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, माझी एक खुंटी हलली नाही.

मुलगी : विटेतून, बाबा! गिट्टी विटेत फुगते, म्हणून घट्ट बसते. इथे कशात फुगणार? पुढे अर्धा इंच जिप्समचा बोर्ड आणि मागे हवा!

बाबा : तेच म्हणतोय. ही काय भिंत झाली? टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखी वाजते. जावयाने घर घेतलंय की खोकं?

मुलगी : त्यांना मधे आणू नका. सकाळी कामावर जाताना मी काय बजावलं होतं?

बाबा : 'भिंतीला हात लावू नका.' गवंड्याला! उद्या न्हाव्याला सांग, डोक्याला हात लावू नकोस.

मुलगी : जोक करू नका! हातोडा, थापी, तो लोखंडी ओळंबा, सगळी पिशवी बाळाच्या चटईवर पडलीय. बाळ कुठे होतं तेव्हा?

बाबा : माझ्या कडेवर. दूध द्यायला तेवढ्यात उचललं होतं.

मुलगी : आणि नसतं उचललं तर?

(बाबा थापीवरची पांढरी भुकटी बाहीने पुसत राहतात.)

बाबा : मला परत सोडून ये.

मुलगी : कुठे? तुमची खोली रिकामी करून इथे राहायला आलात ना?

बाबा : महिना झाला, माझी हत्यारं पलंगाखाली आहेत. पलंगाखाली सामान पाहुण्याचं असतं.

मुलगी : मग तोंड उघडून सांगायचं!

बाबा : पोटच्या पोरीकडे खुंटी मागू?

मुलगी : मागायची! मला दिसत नव्हतं का? हे बघा, गेल्या आठवड्यातच आणून ठेवलेत. ड्रॉवरमध्ये पडून आहेत. मला मेलीला वेळ झाला नाही.

बाबा : हे काय? फुलपाखरू?

मुलगी : टॉगल बोल्ट. पंख मिटून भोकात घालायचा. पलीकडे गेला की पंख उघडतात आणि बोर्डाला मागून धरून ठेवतात. दुकानदाराला पिशवीचं वजन सांगितलं, तर म्हणाला दोन लावा.

बाबा : वजन? केलंस कधी?

मुलगी : तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा.

बाबा : हं. आणि पुढेमागे काढायचा झाला तर?

मुलगी : धड निघत नाही. बोल्ट काढला तरी पंख भिंतीतच पडून राहतात.

बाबा : म्हणजे उद्या मी गेलो, तरी...

मुलगी : चटईपासून लांब, दाराजवळ लावायची. पाणसळ धरा नीट. माझा राग अजून गेलेला नाही.