धामणीवरचा पहिला कापूस

मी लोहा गावची. पिंजाऱ्याची लेक, मंग पिंजाऱ्याची बायको, आता पिंजाऱ्याच्या घरातली म्हातारी. नाव बानूबी, पण नावानं कोन हाक मारतंय, लोकं म्हनायची पिंजारीण आली, आन् गल्लीतली पोरं माघं लागून पिंजणावानी तांय तांय करायची. कापूस आमच्या नाकात, कापूस भाकरीवर, कापूस लेकराच्या डोळ्यात, आन् लोकायला वाटतं किती मऊ काम हाय. मऊ म्हनं! एक दिवस बसून बगा ताई त्या धुरळ्यात, सांजच्याला थुकी बी पांढरी पडती. तरी मला कापसाचा वीट न्हाई आला कधी. वीट आला मानसाचा. तेच सांगते, तुमी लिव्हून घ्या, आन् गोड करून लिव्हू नका.

आमचे अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव हिंडायचे, पार उमरी, अर्धापूरपत्तर. पिंजण म्हंजे काय, तर मानसाएवढा लांब दांडा, दोन्ही टोकाला ताणून बांधलेली बकऱ्याच्या आतड्याची तात. ती तात कापसात धरायची आन् लाकडी मोगरीनं हानायची, मंग कापूस फुलतो. सगळी करामत दांड्याची. लई मऊ असला तर ताण धरत न्हाई, लई कडक असला तर एक दिवस मोडून तोंडावर येतो. बाकीचे पिंजारी गावल त्या लाकडाचा करायचे. अब्बाला एकदा किनवटच्या जंगलाकडल्या एका मानसानं रजईच्या बदल्यात धामणीच्या झाडाचं लाकूड दिलं. तिकडची लोकं शिकारीचं धनुष्य धामणीचंच करायची, वाकवा तेवढं वाकतं, सोडलं की सरळ. गाठ न्हाई, चीर न्हाई. अब्बानं ते चुलीच्या वर टांगलं, म्हनले धूर खाऊ द्या, पिकू द्या. आमी म्हनायचो करा की आता पिंजण, तर म्हनायचे लकडी एकच हाय, कापली की कापली, आधी बगू कोनाचा हात बसतो. भाऊ एकच, त्याला धंद्याची लाज, त्यो पळून हैदराबादला गेला. हात बसला माझा. अब्बा नमाजला गेले की मी त्यांच्या जुन्या पिंजणावर हात मारायची, कापूस असा उडायचा बगा, आन् अम्मा मला मारायची. बाईनं रजई शिवायची, पिंजायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. रीत कोनी केली? धुरळ्यात न बसनाऱ्यानं केली असंल.

मंग त्यो मोठा दुष्काळ पडला. रानात कापूसच न्हाई तर पिंजाऱ्याला कोन इचारतंय. आमी सगळे सरकारी कामावर खडी फोडायला, आन् खायाला तिथं वाटलेली सुकडी. आन् तवा काय सांगू तुमाला, ज्याला त्याला आमचं लाकूड दिसाया लागलं. कामावरचा मुकादम म्हनला ह्याच्यात टिकावाचे चार दांडे निघतेत, द्या मला, तुमाला हलकं काम देतो. सुतार म्हनला बैलगाडीला द्या. आरं बैलं बाजारात गेली, गाडी का तू वढनार? आन् शेजारचा एक जण, नाव घेत न्हाई, मेला बिचारा, त्यो आला आन् म्हनला म्हाताऱ्याच्या तिरडीला द्या, मजबूत हाय. म्हातारं, म्हंजे अब्बाचे अब्बा, तिथंच वट्ट्यावर बसलेलं, जित्तं, पानी मागायलेलं.

अब्बानं समद्यायला नक्को म्हनलं. पर पानी दीड कोसावर, घागरी वाहून वाहून अम्माची मान गेली. मंग मीच म्हनलं, अब्बा, आता मी बी लाकडावर डोळा ठिवते, त्याची कावड करू. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी अब्बानं सोताच खाली काढलं. म्हनले एक खाच पाडायची न्हाई, दोरीखाली चिंधी गुंडाळायची, आन् एका खेपेला ही बाजू वर, दुसऱ्या खेपेला ती बाजू वर, विसरली तर वज्ज्यानं बाक येईल आन् जनमभर जानार न्हाई. आख्खा उन्हाळा मी कावड वाहिली, दोन डबे दोन बाजूला, आन् खेपंगनिक लाकूड पलटलं. तापानं फणफणले तरी पलटलं. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पोरगी कावड घिऊन चालली म्हनून, आन् घरी आल्यावर तांब्याभर पानी मागायच्या. पाऊस पडल्यावर अब्बानं लाकूड डोळ्यापुढं धरलं, एक डोळा मिटून ह्या टोकाहून त्या टोकापत्तर बगितलं. सरळ. पुढल्या वर्सी लग्नात मला जहेजात लाकूड दिलं.

सासर लातूर. माझा जेठ, म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ, भर मंडपात म्हनला, हे काय, आमच्या सुनेला मारायला का? समदे हसले. नवरा मानूस चांगला, पर भावापुढं तोंड उघडायचा न्हाई. लाकूड पुन्यांदा चुलीवर. मी वर्साला इचारायची, कापायचं का, मी पिंजते. जेठ म्हनायचा बाईसाठी धामण कापतेत का, येड लागलं का हिला.

आन् मंग लातूर जिल्हा झालं. उस्मानाबादेतून फुटलं, फटाके, पेढे, जिकडं तिकडं नवी हापिसं, नवे सायेब, भाड्याच्या खोल्या, पोरापोरींची वसतिगृहं. गाद्याच गाद्या पायजेत. जेठ म्हनला आता नशीब उघडलं. पर नवऱ्याची छाती धुरळ्यानं भरलेली, दोन हात मारले की खोकत बसायचा. आन् जुन्या पिंजणाच्या दांड्याला चीर पडलेली. अशात एक गुत्तेदार, कंत्राटं घेनारा, आला, पोरींच्या एका वसतिगृहाच्या गाद्यांचं काम हाय म्हनला, पंधरा दिवसात पायजे. तवा जेठाच्या तोंडून पैल्यांदा निघालं, धामण कापू, बानू पिंजंल.

ताई, मी त्या दिवशी किती खुश झाले. लग्नाच्या दिवशी तेवढी न्हवते. सुतार बोलावला, त्याच्या बोकांडी बसून दांडा करून घेतला, इथं तासू नको, तिथं घासू नको, त्यो कदरला मला. नवी तात लावली. बोट लावलं तर अशी गुनगुनली की नवरा खोकायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराची गाडी आली. नवा कापूस न्हाई, जुन्या गाद्या. कुन्या दवाखान्यातल्या फेकलेल्या, बाहेरगावच्या, कुठल्या ते त्यानं सांगितलं न्हाई. अंगनात उसवल्या आन् असा वास सुटला की शेजारची बकरी उठून गेली. पिवळे डाग, काळे डाग, रगत वाळून कापसाची ढेकळं झालेली, त्याच्यात पट्टीचे तुकडे, केस. मी म्हनलं हे जाळायचं सोडून इथं कामून आनलं? जेठ म्हनला, गप, पिंजला की समदं पांढरं होतंय, वरून नवी खोळ येती, कोन उसवून बगतंय.

आता माझं ऐका, मी साधू न्हाई. मला ठाव होतं, न्हाई म्हनलं तर हे लाकूड जेठाच्या हातात जानार आन् मला पुन्यांदा सुई. लाकूड घरात आलं तवापासून पंधरा वर्सं वाट बगितली होती. मी तोंडाला फडकं बांधलं आन् बसले. आन् काय सांगू, ते धामणीचं लाकूड असं चाललं, असं चाललं, हात दुखंना, तात अडकंना, ते ढेकूळ फुटायचं, उडायचं, आन् खाली पडायचं ते खरंच पांढरं, दुधासारखं. मला चेव आला. घान कशाची, पोरी कोनाच्या, कायच मनात न्हाई, निस्ता हात. दुपारपत्तर तीन गाद्या झाल्या. मी हसायले, ताई. त्या घानीवर बसून मी हसायले.

मंग नवरा भाकरी घिऊन बसला. त्याच्या भाकरीवर रुईचा पुंजका येऊन पडला, पांढराशुभ्र, त्यानं बोटानं झटकला आन् घास मोडला. मी त्याचा हात धरला. त्या पुंजक्यात काय हाय ते मला एकटीला ठाव होतं, त्याला वळखू येईना, एवढा सफा मी पिंजला होता. तवा मला जी शिसारी आली, ती जेठाची न्हाई, गुत्तेदाराची न्हाई, माझ्या ह्या दोन हाताची आली. न्हानीत जाऊन भडाभडा ओकले. भाईर येऊन तात सोडली आन् दांडा काखेत धरून बसले. जेठ अंगावर धावून आला, नवरा पैल्यांदा मधी उभा ऱ्हायला. खोकत खोकत म्हनला, भाईजान, ती पिंजनार न्हाई.

मी त्या वसतिगृहात बी गेले. तिथला कारभार बगनाऱ्या बाईला समदं सांगितलं. तिनं नवी आलेली गादी हातानं दाबून बगितली आन् म्हनली, मऊ हाय की गं. आता बोला! मऊ हाय की. बाकीच्या गाद्या जेठानं दुसऱ्याकडून पिंजून घेतल्या, पोरी झोपल्या असतील त्याच्यावर, त्यातल्या तीन माझ्या हातच्या. अल्ला इचारील तवा मी तीनच सांगनार, कमी न्हाई.

दांडा कडूलिंबाच्या पान्यानं धुतला, तात जाळली, नवी लावली, आन् तेच पिंजण खांद्यावर टाकून खेड्यापाड्यात निघाले. नवीन कापूस असंल तरच बसायची, जुनी गादी आनली तर आधी माझ्यापुढं उसवायची. आमच्यातली लोकं दारातून थुकायची, बाई पिंजण घिऊन फिरती म्हनून. त्यायला ती घान दिसली न्हाई, मी दिसले. वीस-बावीस वर्सं फिरले. त्याच्यावर दोन लेकरं मोठी केली, नवऱ्याचं औषधपानी केलं, माती बी केली.

आता मशीन आल्या, खांदा उचलत न्हाई. पोरगं मशीनच्या गाद्या करतंय, बरं चाललंय. परवा एक हाटेलवाला आला, हायवेवर गावरान जेवनाचा ढाबा काढून ऱ्हायलाय. म्हनला आजी, ते पिंजण द्या, भिंतीला टांगतो, त्याच्यावर बल्ब सोडतो, लोकं फोटो काढतेत. मी म्हनलं जेवनाऱ्याच्या डोक्यावर आतडं टांगनार व्हय रं? पोरगं म्हनलं दे की अम्मा, पडून तर हाय. पडून तू ऱ्हा.

तुमी एवढं बसलात, ऐकलंत, अल्ला तुमाला सुखी ठिवो, लेकराबाळाला बरकत देवो. सुनेला मी सांगून ठिवलंय. पोरगी असो पोरगा असो, कोनाचा हात बसला तर द्या त्याला, चांगल्या कापसाला द्या. न्हाई बसला तर भिंतीला लावू नका, इकू बी नका. मी मेले की फोडा आन् चुलीत घाला, माझ्या गुसलाचं पानी त्याच्यावर तापवा. एक मढं धुवायपुरतं पानी तर त्याच्यावर नक्की तापंल.