इद्रिसचाचाचा अकीक

...आणि वर मलाच इचारतात, "कमळाकर, बेत कुठवर आला रं?" आता तुमाला सांगतो, बेत माझ्या हातात राहिलाय कुठं? सगळ्या शिळफाट्यानं तो पळवलाय. अवो, दगड आणायचाय, नवरी नव्हं!

पयलं कारण ऐका. गेल्या पावसाळ्यात पाताळगंगेच्या लोंढ्यात मी सायकलीसकट वाहत चाललो होतो. वखारवाले इद्रिसचाचा, साठी उलटलेला माणूस, लुंगी खोचून पाण्यात उतरले आणि मानगूट धरून मला काठाला ओढलं. मी वाचलो, पण त्यांच्या अंगठीतला अकीकाचा खडा गेला पाण्यात. बापाची अंगठी ती, आणि त्यांच्यात अकीकाला केवढा मान! आता चाचा रिकामं कोंदण बोटात घालून वखारीत बसतात, आणि ते बघून मला घास गोड लागत नाय.

मंग पळसदरीचा सोमा, रेल्वेच्या गँगातला, म्हणला, "घाटाखालच्या घळींत अकीक गावतो रं. पाऊस सरला की नवे दगड उघडे पडतात. वरनं बटाट्यावाणी, फोडला की आत पट्टेच पट्टे. पण वाट नाय, आन घसरलास तर तुजी हाक ऐकायला माकडं तेवढी हायत." म्हटलं, चालंल. रविवारी गुपचूप जायचं, खडा आणायचा, घासून घ्यायचा, ईदला चाचांच्या हातावर ठेवायचा.

गुपचूप म्हणे! सोमाच्या तोंडाला झाकण कुठं? घरात हातोडा शोधायला वाकलो, तर आमची चंद्रभागा, "घळीत चाललाय? मंग पाटा पार झिजलाय, एक बरासा दगड बघा." शेजारच्या पारूबाईनं भिंतीपलीकडनं ऐकलं, "कमळाकर, माज्या चुलीला तीन सारखे आण रं बाबा." कडावचा मेव्हणा श्रीपत आला, "दाजी, एवढे दगड डोक्यावर आणणार? टेंपो सांगतो. ट्रान्झिस्टर बी घेऊ, कॉमेंट्री ऐकत फोडू." अरे, दगड आणायचाय, नवरी नव्हं... टेंपो कशाला, वाजंत्री कशाला?

पण रागवू कुणावर? पुरातनं वाचल्यापासनं मला एकट्याला ओहोळाकडं फिरकू देत नाय कुणी. पाटा न् चूल ही नुसती निमित्तं, सोबत यायची. खरं सांगतो, असं गणगोत मिळायला नशीब लागतं.

आणि काल संध्याकाळी दारात कोण? खांद्यावर दोरखंड टाकून इद्रिसचाचा. "कमळ्या, मी बी येतो."

"चाचा, घळ कोरडी हाय."

"तुजा काय भरवसा, तू कोरड्यात बी बुडशील." मंग हळूच म्हणले, "अकीक कुणासाठी रं?"

आता काय सांगू? तुमच्यासाठी म्हटलं असतं, तर त्यांनी मला घळीच्या वाटेलाच लागू दिलं नसतं. म्हटलं, "माज्यासाठी, चाचा. हौस."

चाचांनी मंग बोटातली अंगठी ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "मंग ही घे. कोंदण तयार हाय, खडा गावला की बसव. अकीक जिवाला जपतो म्हणतात, तुला त्याची माज्यापरीस जास्त गरज."

आता बोला. जीव त्यांनी दिला, अंगठी त्यांनी दिली, आणि रविवारी दगड हुडकायलाही तेच पुढं. दगड आणायचा होता हो मला, नवरी नव्हं... उपकार फेडायला निघालो, आणि बसल्या जागी दुप्पट करून घेतले.