टिटवी आणि परात

आमच्या टिटवीचं ऐका. लातूर नुकतं जिल्हा झालं होतं, पण नळाला पाणी न्हाई. परसातल्या मातीच्या ढिगावर टिटवीनं अंडी घातली आणि वांग्यांकडं गेलं की ती डोक्यावर झेपावायची. वैतागून आईनं शेजारच्या गंगूमावशींना बोलावलं. अंडी अलगद उचलून खाली कोरड्या ओढ्यात ठेवायचं ठरलं.

मावशी वाकल्या आणि थांबल्या.

"टिटवी उंचावर अंडी घालती तवा पाऊस लई होतोय. आपण ती ओढ्यात ठेवायची म्हंजी दुष्काळाला आवतनच की."

आईनं रिकाम्या रांजणाकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या मग."

सकाळी आई डोक्यावर परात धरून वांग्यांकडं निघाली. टँकरचं वाटीभर पाणी तिनं ढिगाशी ठेवलं. टिटवीनं परातीवर टोच मारली.

"मार बाई," आई म्हणाली, "पण खाली उतरू नको."