विसरणारा ब्राउझर

तुळशीराम: न्हाय, न्हाय. पुसून उपयोग न्हाय, पोरी. मी पुसलं होतं. परत उगवतंय. मना दुसरा पायजे.

उन्नती: दुसरा कॉम्प्युटर? मामा, हा गेल्या दिवाळीला तर घेतलाय.

तुळशीराम: कॉम्प्युटर हाच राहू दे. ह्याच्यातून इंटरनेटवर जायचं दार हाय ना, ते दुसरं पायजे. ब्राउझर बोलतात त्याला.

उन्नती: ब्राउझर! हा शब्द कुठून उचललात?

तुळशीराम: धामणकर नाक्याला वकिलाच्या हापिसात बसलो होतो. बाजूला दोन पोरं बोलत होती. एक बोलला, हा ब्राउझर टाक, ह्यो बघितलेलं ध्यानातच ठेवत न्हाय. मी त्याच्या मोबाइलचा फोटो काढून आणलाय. हे बघ.

उन्नती: हां, हा माहितीये मला. आमच्या कॉलेजात एकजण वापरायचा. पण आपल्या जुन्याचं काय बिघडलंय? मी रोज त्याच्यावर गोडाऊनची ई-वे बिलं काढते, मस्त चालतो.

तुळशीराम: बिघडला न्हाय. लय बोलतो. आधी ते दार लोट.

उन्नती: घरात कोण आहे, मामा? आई रुचिकाला घेऊन तिच्या साखरपुड्याच्या साड्या बघायला गेल्यात.

तुळशीराम: हितेश हाय ना गोडाऊनवर, तुझा नवरा. गोडाऊन कुठं लांब हाय? अंगण वलांडलं की आला. लोट दार.

उन्नती: लोटलं. आता मला खरं सांगा. कोणाला ओटीपी दिलात का? कोणी पोलीस म्हणून फोन केला? व्हिडिओवर बसवून ठेवलं?

तुळशीराम: न्हाय.

उन्नती: मग आपल्या रस्त्याकडच्या जागेचं, ज्यासाठी वकिलाकडे गेला होतात? कुठे सही करून बसलात?

तुळशीराम: न्हाय ग. जागेला काय झालं न्हाय.

उन्नती: मग... मामा, रागावू नका. कधी कधी काय होतं, माणूस एक उघडायला जातो आणि भलतंच काहीतरी उघडतं. घाणेरडं. होतं तसं, पुष्कळांचं होतं...

तुळशीराम: अरे देवा! उन्नती! मी तसलं बघून सुनेला पुसायला बसवन काय?

उन्नती: मग मी काय समजू? दार लोट म्हणता, पुसलं म्हणता, घाम तर बघा किती आलाय तुम्हाला. आणि पंखा फुल आहे.

तुळशीराम: तू टाक ते. मंग सांगतो.

उन्नती: टाकते. हे बघा, डाउनलोड होतंय.

तुळशीराम: हितेशला कळल?

उन्नती: इथे समोर त्याचं चित्र येईल, ते दिसेल.

तुळशीराम: मंग चित्र काढ तिथून.

उन्नती: काढते. मामा, बसा ना. असे डोक्यावर उभे राहू नका, मला क्लिक करायला सुचत नाहीये. झालं. आता हा विचारतोय, जुन्या ब्राउझरमधलं सगळं इकडे आणू का...

तुळशीराम: नको! नको बोल त्याला! काय आणायचं न्हाय!

उन्नती: अहो, नको दाबलं. ओरडलात केवढ्याने! वाघ्या भुंकायला लागला बाहेर.

तुळशीराम: भुंकू दे. आता ह्याच्यात मी काय विचारलं तर ह्यो कोणाला सांगणार न्हाय ना?

उन्नती: खरं सांगू? बंद केला की ह्या कॉम्प्युटरवर काही राहत नाही. हितेशने उघडला तर कोरा दिसेल. आणि मागेमागे फिरणाऱ्या जाहिराती बऱ्याचशा अडवतो. पण आपण ज्या साइटवर जाऊ, तिला कळतंच कोणीतरी आलं होतं म्हणून. अगदीच कोणाला कळणार नाही, असं काही नसतं.

तुळशीराम: साइटला कळू दे. साइट काय आपल्या कोन गावात राहत न्हाय. जाहिराती येणार न्हाईत, बास. तो बोलायचा माइक कुठला?

उन्नती: हा. दाबा आणि बोला. सावकाश.

तुळशीराम: बाप्याच्या... बाप्याच्या छातीत गाठ.

उन्नती: काय ऐकलं बघू ह्याने. "बापाच्या छतात गळती." मामा, हे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांचे नंबर आलेत.

तुळशीराम: त्याला आपली भाषा न्हाय कळत. जुन्यातपण असंच व्हायचं. धा वेळा बोललो तवा एकदा बरोबर लिवलं त्यानं.

उन्नती: तुम्ही काय म्हणालात? छातीत गाठ?

तुळशीराम: मित्राला हाय माझ्या. वज्रेश्वरीचा हाय एक. कबड्डीत होता माझ्याबरोबर. तू टाइप कर. बाप्यामाणसाला छातीवर गाठ येती काय, ते विचार.

उन्नती: विचारते. हं. आलं... "पुरुषांमध्येही स्तनाचा..."

तुळशीराम: हळू वाच.

उन्नती: "पुरुषांमध्येही स्तनाचा कर्करोग होऊ शकतो. प्रमाण अतिशय कमी आहे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. वयानुसार किंवा काही औषधांमुळेही पुरुषांची छाती सुजू शकते." बघा, बऱ्याच वेळा साधंच असतं.

तुळशीराम: पुढं वाच. दुखत न्हाय त्याचं काय लिवलंय?

उन्नती: "गाठ कडक असेल आणि दुखत नसेल, बोंडाची त्वचा आत ओढली जात असेल, किंवा त्यातून पाणी वा रक्त येत असेल, तर ताबडतोब..." तुमच्या मित्राला ह्यातलं काय आहे?

तुळशीराम: कडक हाय. चिंचोक्यागत. दुखत न्हाय बिलकुल. आत ओढल्यागत झालंय थोडं.

उन्नती: कधीपासून?

तुळशीराम: गणपतीत हाताला लागली. आंघोळ करताना.

उन्नती: कुठल्या बाजूला?

तुळशीराम: ह्या.

उन्नती: मामा, हात कुठे ठेवलात तुम्ही?

तुळशीराम: कुठं?

उन्नती: तुमच्या छातीवर.

(तुळशीराम हात खाली घेतो.)

उन्नती: यंदा ओट्यावर तुम्ही शर्ट घालून बसता. एवढ्या उकाड्यात. मी आईंना म्हणाले पण, मामांच्या अंगात कणकण आहे का. आणि वज्रेश्वरीला सगळे गेलो, तेव्हा गरम पाण्याच्या कुंडात उतरला नाहीत. पाय दुखतो म्हणालात.

तुळशीराम: पाय दुखत न्हवता.

उन्नती: आईंना माहितीये?

तुळशीराम: कोणाला न्हाय. तुला कळलं ते पण ह्या मेल्या मशीनमुळं. मी त्याला गुपचूप विचारलं, तर चार दिवसांनी हितेश हितंच बसून ड्रायवरचे पेपर काढत होता. दोन ड्रायवर उभे, मोरू हमाल उभा. त्यानं बातम्या लावल्या, तर बाजूला जाहिरातीचा हा एवढा चौकोन. "पुरुषांनो, छातीतील गाठ अंगावर काढू नका." हितेश बोलला, आता बाप्यांना पण बायकांचे रोग व्हायला लागले, पुढं पोटुशी पण व्हतील. सगळे हसले.

उन्नती: आणि तुम्ही?

तुळशीराम: सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

उन्नती: हितेशला माहीत असतं तर तो असं बोलला नसता.

तुळशीराम: म्हायत्ये मना. पण हसला ना. गाव पण असाच हसल. मी कबड्डीचा गडी, उन्नती. उघड्या अंगानं मैदानात उतरायचो तर समोरची टीम मागं सरायची. आता ठाण्याला जाऊन बायकांच्या लायनीत बसू? कोणी बघितलं तर?

उन्नती: ह्या भीतीने घरात बसायचं का मग?

तुळशीराम: ती भीती लहान हाय. मोठी दुसरीच हाय.

उन्नती: कुठली?

तुळशीराम: माझी आई. धोंडूबाई. तू न्हाय बघितलीस, फोटो बघितलाय. तिला हेच हुतं. पदराखाली घेऊन फिरली, कोणाला बोलली न्हाय. खळ्यावर भात झोडायची, मिठागरावर जायची. जवा वास यायला लागला तवा बाबांना समजलं. मी शाळेत हुतो. तिच्या खोलीत जायला मना भ्या वाटायचं. दारातनंच पाणी सरकवायचो. आता रातचं डोळा लागला की मना तो वास येतो. उठून स्वताचा शर्ट हुंगतो मी.

उन्नती: मामा, आज हितेशला सांगू या. मी सांगते. दवाखान्यात जाऊ.

तुळशीराम: लग्न झाल्यावर. रुचिकाला उजवली की दुसऱ्या दिवशी येतो, तुझी शप्पत. आता सांगितलं तर सोयरे काय बोलतील? ह्यांच्या घरात आजीला हुतं, बापाला हाय, मंग पोरीला पण असल. सोयरीक मोडल. तिनं किती आनंदानं होकार दिलाय, बघितलंस ना तू?

उन्नती: थांबा. इथे खाली काहीतरी आहे.

तुळशीराम: काय?

उन्नती: नको, राहू दे.

तुळशीराम: उन्नती. वाच.

उन्नती: "घरात एकाहून अधिक जणांना, विशेषतः पुरुषाला हा आजार झाला असल्यास तो आनुवंशिक असण्याची शक्यता असते. अशा वेळी बहिणी आणि मुली यांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वेळेवर कळल्यास..."

तुळशीराम: मुली?

उन्नती: हो.

तुळशीराम: म्हंजे रुचिका?

उन्नती: असेलच असं नाही लिहिलेलं, मामा. तुमचीच गाठ साधी असेल कदाचित. पण तुमचं काय आहे ते कळल्याशिवाय तिला कोण सांगणार? तुम्ही लपवलंत तर ती पण काही न कळता बसणार. सासरी. पदराखाली.

तुळशीराम: असं नको बोलू.

उन्नती: बोलायला लागतंय. सासऱ्यांशी असलं बोलायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं कधी.

तुळशीराम: ती लहान हुती तवा माझ्या ह्याच बाजूला झोपायची. छातीवर डोकं ठेवून.

उन्नती: ठाण्याच्या एका दवाखान्याचा नंबर आहे इथे. लावू?

तुळशीराम: लाव. न्हाय, थांब. मना जरा पाणी दे.

उन्नती: घ्या. सावकाश. लावला बघा. स्पीकरवर ठेवते.

निशा: नमस्कार, रिसेप्शनवरून निशा बोलतेय.

उन्नती: नमस्कार. छातीतल्या गाठीसाठी दाखवायचं होतं. भिवंडीजवळून बोलतोय आम्ही, कोन गावातून.

निशा: हो मॅडम. पेशंटचं नाव? याआधी त्यांची मॅमोग्राफी झालीये का?

उन्नती: नाही. पेशंट म्हणजे...

निशा: तुम्ही स्वतः? की सासूबाई?

तुळशीराम: दे हिकडं. हॅलो. बाई न्हाय हो, मी हाय. तुळशीराम भोईर.

निशा: बरं, काका. उद्या सकाळी या. तुम्हाला पहिला नंबर देते.

तुळशीराम: एक विचारू का? तिथं सगळ्या बायाच बसल्या असतील.

निशा: जास्त करून बायकाच असतात, काका.

तुळशीराम: बाप्ये येतात काय?

निशा: येतात की. पण उशिरा येतात.

तुळशीराम: उशिरा म्हंजे?

निशा: म्हणजे... लवकर आले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणतात.

तुळशीराम: आज निघालो तर बघतील काय?

निशा: थांबा हं, विचारते... हो, संध्याकाळपर्यंत आहेत डॉक्टर. या तुम्ही.

तुळशीराम: येतो.

उन्नती: मी हितेशला बोलावते. काय सांगू त्याला?

तुळशीराम: गाडी काढ बोल. ठाण्याला जायचंय, येवढंच बोल. बाकीचं मी सांगतो.

उन्नती: कधी?

तुळशीराम: वाटेतला खाडीचा पूल यायच्या आत.

उन्नती: आणि तोंडातून शब्दच नाही फुटला तर?

तुळशीराम: मंग तू मागं बसलेली असशील.