हद्दीबाहेरचा धूर

—नाही, बसा. हारतुरे उद्या आहेतच, आज माझं ऐका. 'या शहरानं कर्बवायू सर्वांत जास्त घटवला' असं मघाशी सभेत म्हणालात. टाळ्या झाल्या, मागच्या बाकावरून मीही ऐकल्या. पुण्याहून येता, परीक्षक म्हणवता, आणि तपासता काय? तर नगरपालिकेची हद्द! हद्दीत वीटभट्ट्या होत्या, आता नाहीत — द्या ढाल! अहो, पण गेल्या कुठं? विचारलंत? नाही विचारलंत. केर शेजारणीच्या अंगणात लोटायचा आणि घर झाडलं म्हणायचं — याला घट म्हणत नाहीत, महाशय. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला माझा, शब्दांची अशी विटंबना सोसत नाही मला.

भट्ट्या शेजारच्या लासुर्ण्याच्या शिवारात गेल्या. कोळसा तोच, भट्टीवाले तेच, आणि विटा? ट्रॅक्टर भरभरून इथंच येतात. ज्या नव्या सभागृहात पंख्याखाली बसलात, ते त्याच विटांचं! मग धूर कुणाचा — जिथं निघतो त्यांचा, की ज्यांच्या भिंती उभ्या राहतात त्यांचा? नगराध्यक्षांना विचारलं, तर म्हणतात, "गुर्जी, हद्दीबाहेरचा धूर आपला न्हाय." धुरालाही हद्द कळते, हे ज्ञान मला साठीनंतर झालं! आणि हाच न्याय लावायचा, तर स्पर्धेतल्या त्या मोरगावला काय द्याल? ज्वारी, बाजरी, शेरडं — घटवायला धूर होताच कधी? म्हणजे त्यांना भोपळा, आणि ज्यानं आधी पोटभर ओकला त्याला ढाल! नाही, सगळंच नाकारत नाही मी. आमच्या शहरानं गोबरगॅस केला, झाडं जगवली — त्याचे गुण द्या, हात आखडू नका. पण विटांचा धूर आमच्या खाती मांडा. माझ्याही. — काय? हो, या घराचा वरचा मजला नवाच आहे. हो, त्याच विटा. दुसऱ्या मिळतात कुठं?

हसू नका. हौसेनं नाही बांधला तो. आमची अंजली लासुर्ण्यात दिली आहे. भट्ट्या आल्यापासून धाप लागते तिला — वाक्य अर्ध्यावरच राहतं. म्हटलं, माहेरी येऊन राहा, वर मोकळी हवा आहे. तर तिची सासू, धोंडाबाई, काय म्हणाली ठाऊक आहे? "धूर तुमच्या गावचा हाय, गुर्जी. लेक कशाला नेताय? धूर न्या की!" आणि अंजली? मला वाटलं, माझी बाजू घेईल. हसली ती. धाप लागेपर्यंत हसली. मजल्याला अजून कुलूप आहे.

म्हणून म्हणतो, निकाल उद्या आहे ना? आजची दुपार हातात आहे. इंदापूरची एसटी लासुर्ण्यावरूनच जाते. उतरा, वारा ज्या अंगाला वाहतो त्या अंगाला घटकाभर उभे राहा, मग खुशाल ठरवा ढाल कुणाची ते. तुम्ही येणार म्हणून कुणी भट्टी विझवून ठेवील, अशी धास्तीही नको — एकदा पेटली की मध्येच विझवता येत नाही, सगळ्या विटा कच्च्या राहतात. — काय म्हणता, जाता? खरंच? ... मी? मी कशाला सोबत? अंजलीचं घर कुणीही दाखवील, वेशीजवळच्या जुन्या वाड्याला लागून दुसरं — नाही हो, प्रकृतीचं कारण नाही. तिनंच सांगितलं आहे. भट्ट्या हलेपर्यंत माझा उंबरा चढू नका, बाबा, असं — सगळ्या आळीसमोर ...

हे तुम्हाला कशाला सांगतो आहे मी? उठा. गाडी सुटेल. अहो, जा म्हणतो ना!