कळलावीची मुळी

पुतळाबाई : रुमाल काढ बाय, बघू दे.

सरोजिनी : काय बघायचंय त्यात? कंगवा लावला की पुंजका हातात यायचा. शेवटी लेकीने, आर्याने मशीन फिरवलं.

पुतळाबाई : येतील परत. कळलावी पोटात गेली की केस जातात. पन मानूस वाचला तर केस येतात. तू वाचलीस.

सरोजिनी : डॉक्टरही तेच म्हणाले. या विषावर उतारा नाही, नुसतं सलाइन लावून वाट बघायची. बसा ना. उभ्या का?

पुतळाबाई : परवा बी आले होते. वॉचमनने खालनंच घालवलं. बिल्डिंगीत सगळी म्हनतात ना, मी तुला विष दिलं?

सरोजिनी : लोकांचं काय घेऊन बसलात.

पुतळाबाई : लोकांतच राहते मी. आमच्या गावात, उमेळ्यात खोकल्याला अडुळसा न्यायला बाया यायच्या, त्या बी येत नाय आता. आमच्या कल्पेशने बावखलाच्या, तळ्याच्या काठचा कळलावीचा वेल उपटला. ऐन फुलावर होता, पिवळ्याचा लाल होत होता. बोलला, आजी, आता कोनाला काय दिलंस तर माजं-तुजं बोलनं बंद. नातू हाय, त्याला मी काय बोलू?

सरोजिनी : त्याचंही बरोबर आहे.

पुतळाबाई : असंल. पन मला एक सांग. मी तुला बोलले होते का नाय? उगाळून गुडघ्यावर लाव. हात साबनाने धू. जखमेवर लावू नको, जिभेला लावू नको.

सरोजिनी : बोलला होतात.

पुतळाबाई : अडलेल्या बाईच्या तळपायाला माजी सासू हाच लेप लावायची. कळा येतात, म्हनून तर कळलावी. पन मूल बाहेर आलं की पयला लेप पुसायची, मंग मुलाकडं बघायची. एवढी तिची भीती. आनि तू चहात किसून प्यालीस? शिकलेली बाई तू. मला झोप नाय लागत या इचारानं.

सरोजिनी : हळू बोला. हे आत झोपलेत. आर्या पलीकडच्या खोलीत फोनवर आहे.

पुतळाबाई : मी वरडायला नाय आले. मला फक्त कळू दे.

सरोजिनी : मी नाही किसली.

पुतळाबाई : मंग कोनी?

सरोजिनी : ह्यांनी.

पुतळाबाई : भाऊंनी?

सरोजिनी : रात्री गुडघ्याला लावली आणि उरलेला तुकडा सहाणेपाशीच ठेवला, गॅसच्या बाजूला. सकाळी मला उठवेना. ह्यांनी मला पाहिलं, म्हणाले, सरू, पडून राहा, चहा मी करतो. विसरायला लागल्यापासून ते स्वयंपाकघरात जातच नव्हते. त्यांना ते आलं वाटलं.

पुतळाबाई : देवा. त्यांनी नाय घेतला?

सरोजिनी : त्यांना आल्याने जळजळतं. स्वतःचा आधी गाळून घेतला, मग माझ्यात किसून उकळलं. कडू लागत होता.

पुतळाबाई : मंग टाकायचास ना.

सरोजिनी : समोर बसले होते. कसा झालाय, म्हणून विचारत होते. किती महिन्यांनी त्यांनी आपणहून काहीतरी केलं होतं, पुतळाबाई. मी प्यायले सगळा.

पुतळाबाई : मंग कधी सुरू झालं?

सरोजिनी : दुपारपासून उलट्या, जुलाब. रिक्षात माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. बाहेरचं काय खाल्लंस, बाहेरचं काय खाल्लंस, एवढंच. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा हे शेजारीच उभे. मी म्हटलं, गुडघ्यासाठी मीच घेतली.

पुतळाबाई : पोरीला बी तेच सांगितलंस.

सरोजिनी : तिला कळलं तर कधीतरी त्यांच्यासमोर बोलून जाईल. सकाळी काय जेवले ते ह्यांना आठवत नाही. पण हे विसरणार नाहीत. मला माहीत आहे.

पुतळाबाई : आनि नाव माजं गेलं.

सरोजिनी : तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. मुळी कुणी दिली, हे खाली वॉचमनने पाहिलं होतं.

पुतळाबाई : ते एकच झालं बाय.

सरोजिनी : हो. एकच झालं. रोज वाटतं, तुमच्याकडे यावं. पण जिना उतरायचं बळ नाही, आणि येऊन सांगू तरी काय?

(आर्या बाहेर येते.)

आर्या : आई, कोण आलंय? अच्छा. तुम्हीच का पुतळाआजी?

पुतळाबाई : मीच.

आर्या : मी भांडणार नाहीये. ताकदच नाही राहिली. ऑफिस, हॉस्पिटल, बाबा, सगळं एकटीने चाललंय. हिचे रक्ताचे काउंट इतके खाली गेले होते की डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तयारीत राहा म्हणून सांगितलं. फक्त एक विचारायचंय. पोटात घ्यायची नाही, हे तुम्ही आईला सांगितलं होतं का?

सरोजिनी : आर्या, ऐक, त्यांनी मला...

पुतळाबाई : तू थांब बाय. पोरी, माजी सासू ही मुळी कोनाच्या हातात देत नव्हती. आपन जायची, उगाळायची, लेप लावायची, उरलेली मुळी घेऊन घरी यायची. मी तुज्या आईच्या हातात दिली. तुमची लिफ्ट बंद होती, माजे बी गुडघे धरलेले. बोलले, ने आनि लाव. तिथंच चुकलं.

आर्या : म्हणजे सांगितलं नव्हतं.

पुतळाबाई : द्यायलाच नको होती. बाकी काय सांगितलं, ते धरून काय करायचं?

आर्या : यापुढे कुणाला देऊ नका, प्लीज. आईचं नशीब म्हणून ती इथे बसलीये.

पुतळाबाई : नाय देनार. देयाला उरलं बी नाय काय.

आर्या : ठीक आहे. सॉरी, मला परत कॉलवर जायचंय. बाबा उठले तर हाक मार, आई.

सरोजिनी : हो.

पुतळाबाई : मी बी निघते.

सरोजिनी : थांबा, दारापर्यंत येते. भिंत धरून जमतं आता.

पुतळाबाई : गुडघे कसे हायेत?

सरोजिनी : दुखतात. आता गोळ्या घेते.

पुतळाबाई : घे. जेवल्यावर घे, उपाशी नको.

सरोजिनी : पुतळाबाई, तुम्ही तिला सांगायला हवं होतं. मी अडवलं नसतं.

पुतळाबाई : मी खोटं नाय बोलले. मुळी मीच दिली होती.

सरोजिनी : पण खरंही सगळं नाही सांगितलंत. मी सांगेन तिला. तुमच्या कल्पेशलाही बोलावून सांगेन. फक्त हे आहेत तोवर मला नाही जमायचं.

पुतळाबाई : मंग असू दे त्यांना, लय दिवस असू दे.